साक्षगंध ते लग्न : वर्ध्याची राहून गेलेली मालिका

२०१२ साली झी मराठीवर 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' सुरू झाली. सतीश राजवाडे यांचं दिग्दर्शन, स्वप्नील जोशी घनाच्या भूमिकेत आणि मुक्ता बर्वे राधेच्या. याच तिघांनी दोन वर्षांपूर्वी 'मुंबई-पुणे-मुंबई' हा चित्रपट दिला होता, त्यामुळे जोडी ओळखीची होती. गोष्ट अशी, की दोघांनाही खरं तर लग्न करायचं नाही. घरच्यांचा रेटा थांबत नाही म्हणून ते आपसांत करार करतात: सध्या लग्न करू, घरचे शांत होतील, पुढे रीतसर वेगळे होऊ. मग लग्नाची तयारी सुरू होते, दोन्ही घरं एकमेकांत मिसळू लागतात आणि कराराच्या कागदाआड खरं प्रेम जमू लागतं. ते प्रेक्षकाला आधी कळतं, या दोघांना फार नंतर. सगळी गंमत त्या मधल्या वेळातली.

मालिका वर्षभरात संपली. रोजच्या मालिकांच्या हिशेबात हे आयुष्य लहानच, पण तिने एक गोष्ट सिद्ध केली. सासूचा छळ नको, संपत्तीचं कारस्थान नको, कोणी कोणाला विष घालायला नको. दोन समंजस माणसं लग्नाच्या दिशेने निघाली आहेत, एवढ्या आधारावर मराठी घर रोज संध्याकाळी दूरदर्शन संचासमोर बसतं. पाठोपाठ २०१३ मध्ये उमेश कामत आणि स्पृहा जोशी यांची 'एका लग्नाची तिसरी गोष्ट' आली. त्याच वर्षी 'होणार सून मी ह्या घरची' आणि 'जुळून येती रेशीमगाठी' आल्या. २०१९ मध्ये 'अग्गंबाई सासूबाई'ने तर सुनेलाच सासूचं लग्न जुळवायला लावलं. निवेदिता सराफ आणि गिरीश ओक यांच्या वयाची जोडी लाजत, अडखळत लग्नापर्यंत जाते, हे महाराष्ट्राने प्रेमाने पाहिलं.

वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव इथल्या घरांतही या मालिका तितक्याच आवडीने पाहिल्या गेल्या. मंगळसूत्राची नवी तऱ्हा निघाली की इथल्या सराफांकडे विचारणा होणार, नायिकेच्या साडीचा काठ बाजारात येणार. या साऱ्यात एक बोच मात्र मला कायम राहिली, आणि हा लेख त्या बोचेसाठीच आहे. लग्नाकडे निघालेल्या या जोड्यांमधली एकही आमच्या बोलीत बोलत नव्हती. 'मी तुझी वाट पाहतेय' हे वाक्य आम्ही शेकडो वेळा ऐकलं. 'मी तुही वाट पाहून राह्यली ना' हे पडद्यावर, गंभीरपणे, डोळ्यांत डोळे घालून कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

आमची बोली मराठी वाहिन्यांवर आलीच नाही, असं म्हणता येणार नाही. भारत गणेशपुरे यांच्यासारख्या अमरावतीकडच्या कलावंताने ती घराघरांत पोहोचवली आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण ती पोहोचली विनोदाच्या दारातून. २०१६ मध्ये 'माझ्या नवऱ्याची बायको' आली आणि नागपूरकडची राधिका मालिकेची नायिका झाली. अनिता दाते मूळ नाशिकच्या, पण त्यांनी राधिकेचा हेल मेहनतीने उचलला. साडेचार वर्षं ही मालिका चालली आणि प्रेक्षकांनी राधिकेवर जीव लावला. पण ती आमच्या भेटीला आली ती फसवली गेलेली पत्नी म्हणून. तिचं लग्न गोष्ट सुरू होण्याआधीच झालेलं. तिला पाहायला पाहुणे आले तो दिवस, साक्षगंध (म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा), त्यानंतरचे फोन, यातलं काहीच आमच्या वाट्याला आलं नाही.

त्याच २०१६ मध्ये 'काहे दिया परदेस'मध्ये मुंबईची गौरी आणि बनारसचा शिव लग्नाच्या वाटेवर होते. शिव हिंदी बोलायचा, त्याच्या घरचे बनारसी ढंगात बोलायचे, आणि मराठी प्रेक्षकाला त्याचा काहीच अडसर झाला नाही. 'तुझ्यात जीव रंगला'ने कोल्हापूरची रांगडी बोली राणादाच्या तोंडी घातली आणि तोच राणादा अंजलीबाईंच्या प्रेमात पडला. २०१७ च्या 'लागिरं झालं जी'ने साताऱ्याकडची बोली आणि फौजी व्हायची धडपड एका प्रेमकथेत बांधली. म्हणजे प्रेक्षकाला बोली कळणार नाही, ही सबब या तीन मालिकांनी केव्हाच निकालात काढली. बनारस चालतं, कोल्हापूर चालतं, सातारा चालतो. मग वर्धा का चालू नये?

कारणं व्यवहारातली आहेत, ती मी नाकारत नाही. मराठी मालिकांचा बहुतेक कारखाना मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात. कलावंत तिथे राहतात, लेखक तिथे बसतात, रोज एक भाग चित्रित होऊन वाहिनीकडे जायचा असतो. कोल्हापूर-सातारा रात्रीच्या प्रवासाच्या टप्प्यात येतात, वर्धा रेल्वेने जवळजवळ साडेसातशे किलोमीटर. पण अंतर हे सगळं कारण नाही. एखाद्या भाषेत हसायची सवय लागली की त्या भाषेत कोणी हळवं होईल, हे खरंच वाटेनासं होतं. मराठी नाटकाने ही सवय मोडून दाखवलेली आहे. महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' १९८५ मध्ये विजया मेहतांनी रंगमंचावर आणलं. त्यातलं देशपांडे कुटुंब वऱ्हाडी बोलतं, मुंबईहून आलेली सून अंजली तेवढी प्रमाण मराठी. घराचं तुटणं, भावाभावांतला सल, रंजूचं शिकवणीच्या मास्तराबरोबर पळून जाणं, सगळं त्या बोलीत घडतं आणि प्रेक्षागृहात कोणी तिला हसत नाही. पूर्व विदर्भात झाडीपट्टीची रंगभूमी तर दिवाळीनंतर रात्र-रात्र चालते. देसाईगंज म्हणजे वडसा तिचं मुख्य ठाणं. तिथे गावोगावच्या मांडवात प्रेम, ताटातूट आणि लग्न बघायला हजारो माणसं तिकीट काढून थंडीत बसतात.

आणि गोष्टीचं म्हणाल, तर लग्नाच्या वाटेवरची सुखान्त गोष्ट ही आमच्या वर्धा नदीकाठची जुनी पेरणी आहे. हे मी अभिमानाच्या भरात बोलत नाही, पुरावा ग्रंथांत आहे. कालिदासाचं 'मालविकाग्निमित्रम्' घ्या. मालविका ही विदर्भाची राजकन्या. भाऊ माधवसेन तिचं लग्न अग्निमित्राशी ठरवतो, पण भाऊबंदकीत तोच कैद होतो. तिला घेऊन निघालेला तांडा वाटेत लुटला जातो आणि ती ओळख लपवून त्याच अग्निमित्राच्या महालात, राणी धारिणीची दासी म्हणून राहते. राजा तिचं चित्र पाहून आधीच घायाळ. मग विदूषक गौतम कामाला लागतो. दोन नृत्याचार्यांत कोण श्रेष्ठ यावरून भांडण लावून देतो, म्हणजे परीक्षेच्या निमित्ताने मालविकेचं नृत्य राजाला बघायला मिळेल.

पुढचा डाव आणखी बहारीचा. राणीने मालविकेला तळघरात कोंडलेलं असतं. राणीची नागमुद्रेची अंगठी दाखवल्याशिवाय सोडायचं नाही, असा हुकूम. गौतम बोटाला केतकीच्या काट्यांनी टोचून घेतो आणि साप चावला म्हणून आरडाओरडा करतो. विष उतरवायला नागाचं चिन्ह असलेली वस्तू हवी, असा निरोप वैद्याकडून येतो. घाबरलेली राणी आपल्याच हाताने अंगठी काढून देते. तळघर उघडतं. आजच्या कुठल्याही विनोदी मालिकेच्या लेखकाने हा प्रसंग एका भागाचा कळस म्हणून जसाच्या तसा उचलावा, इतका तो घट्ट बांधलेला आहे. शेवटी मालविकेची ओळख पटते, राणी स्वतः तिला राजाच्या हाती देते आणि विदर्भाचं राज्य माधवसेन आणि त्याच्या चुलतभावात वाटलं जातं. त्या वाटणीची सीमा कालिदासाने वरदा नदी धरली आहे. वरदा म्हणजे आपली वर्धा.

पुढे आठव्या शतकात भवभूती. हा तर आपलाच माणूस, विदर्भातल्या पद्मपुरचा. त्याच्या 'मालतीमाधव'चा नायक माधव हा विदर्भराजाच्या मंत्र्याचा मुलगा, कुंडिनपुराहून पद्मावती नगरीत शिकायला गेलेला. त्याच्या आणि मालतीच्या वडिलांनी तरुणपणीच सोयरिकीचा शब्द एकमेकांना दिलेला. मध्ये राजाचा लाडका नंदन उभा राहतो आणि वडील अडचणीत येतात. मग कामंदकी नावाची वृद्ध भिक्षुणी सूत्रं हाती घेते. माधवाचा मित्र मकरंद मालतीचा वेश घेऊन स्वतः नंदनाशी लग्न लावून घेतो. लग्नाच्या रात्री ही 'नवरी' नवऱ्याला अशी झिडकारते, की नंदनाची बहीण मदयंतिका वहिनीला चार शब्द सुनवायला खोलीत येते. आणि पदराआड निघतो मकरंद, जिच्यावर त्याचं प्रेम आहे तीच समोर उभी. दोघं तिथूनच पळ काढतात. शिकायला परगावी गेलेला वैदर्भीय मुलगा, तिथे जमलेलं प्रेम, वडीलधाऱ्यांचा शब्द, वरून आलेला दबाव, आणि सगळं पार पाडणारी एक शहाणी म्हातारी. पद्मावतीच्या जागी पुणे घाला, गोष्टीचा एक धागा हलवावा लागत नाही.

माधवाचं कुंडिनपूर म्हणजेच वर्धा नदीकाठचं कौंडण्यपूर, असं परंपरा मानते. आज ते अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात आहे, पण नदी ओलांडली की इकडे आपला आर्वी तालुका. १९६० च्या दशकात डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी तिथे उत्खनन करून गावाचं प्राचीनत्व दाखवून दिलं. हेच रुक्मिणीचं माहेर. भावाने शिशुपालाशी लग्न ठरवलं, तेव्हा हिने आपल्याला हवा त्याला निरोप धाडला आणि अंबिकेच्या दर्शनाला जायच्या वेळेचा पत्ताही कळवला. संत एकनाथांनी या गोष्टीचं १८ प्रसंगांचं 'रुक्मिणी स्वयंवर' केलं आणि त्यात मराठी घरातलं अख्खं लग्न मांडलं. पिढ्यान् पिढ्या उपवर मुली लग्न जमावं म्हणून त्याचं पारायण करत आल्या आहेत. घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारणाऱ्या मुलीची गोष्ट, घरचेच मुलीच्या हाती देतात. ही परंपरा किती उदार असू शकते, ते इथे दिसतं. दरवर्षी आषाढीला कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला निघते.

आता आजच्या वर्ध्याकडे येतो. आमच्याकडे लग्न जुळतं ते टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्प्यात नाट्य भरलेलं आहे. आधी मोबाइलवर बायोडाटा येतो: फोटो, उंची, शिक्षण, मामेकुळ, शेती किती आणि ओलिताची किती. मग मध्यस्थाचा फोन. मग पाहुणे. पोहे, चिवडा, चहा, आणि बशी पुढे करताना पोट्टीने मान किती वर करायची यावर आत स्वयंपाकघरात आधीच झालेली चर्चा. हल्ली दोघांना 'बोलून घ्या' म्हणून गच्चीवर पाठवतात. गच्चीवर दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, तारेवर वाळत घातलेले कपडे, आणि जिन्यात कान देऊन उभा लहान भाऊ. पहिलं वाक्य कोणी बोलायचं इथपासून अडतं.

'तुमी काही विचारत काऊन नाही?'

'आदी तुमी विचारा ना.'

'मले स्वयंपाक येते का म्हणून विचारसान तर मी खाली चालली.'

'नाही वो. मी विचारनार होतो, नोकरी सोडा लागन असं कोनी सांगतलं का तुमाले?'

मी रचलेलं हे संभाषण आहे, पण अशा गच्च्या वर्ध्याच्या रामनगरापासून सेलू-देवळीपर्यंत आहेत. या चार वाक्यांत हसूही आहे आणि आयुष्याचा प्रश्नही. विनोदी प्रेममालिकेला याहून निराळं काय लागतं?

पसंती कळली की बैठक. हुंड्याला कायद्याने १९६१ पासून बंदी आहे, तरी 'देणंघेणं काही नाही, फक्त लग्न चांगलं करून द्या' या वाक्याचं वजन मुलीच्या बापालाच माहीत. कोणत्याही मालिकेने या वाक्यावर एक अख्खा आठवडा खर्च करावा असं मला वाटतं, कारण हसतखेळत चाललेल्या बैठकीत चेहरे पडतात ते याच जागी. मग साक्षगंध. मुलाकडची मंडळी साडी-ओटी घेऊन येतात, अंगठ्या होतात, पंगत बसते. आणि इथून, साक्षगंध ते लग्न, तो काळ सुरू होतो जो मला या सगळ्यात मोलाचा वाटतो. ती दोघं आता परकी नाहीत आणि नवराबायकोही नाहीत. फोनवर तासन् तास बोलायला कोणाची हरकत नाही, भेटायचं म्हटलं तर मात्र सोबत बहीण हवी. रुसवा पहिल्यांदा याच काळात होतो. एकमेकांची कर्जं, आजार, आधीचं एखादं मन गुंतणं, हेही याच काळात सांगायचं की नाही ते ठरतं.

हा काळ आमच्याकडे लांबतो तो कापसामुळे. दसरा-दिवाळीपासून वेचणी, मग हिंगणघाटच्या किंवा आर्वीच्या बाजारात गाड्या, भाव वाढेल म्हणून थोडा कापूस घरात ठेवायचा की लगेच विकायचा हा घोर. दिवाळीनंतर साक्षगंध झालं असेल तर लग्न बरेचदा वैशाखात, पारा ४५ च्या पुढे गेलेला असताना. कार्यालय मोठं घ्यायचं की घरासमोर मांडव, पत्रिका किती छापायच्या, हे सगळं भावावर. मालिकेत खलनायक हवाच असेल तर कापसाचा पडता भाव आणि अवकाळी गारपीट पुरेशी आहे, त्यासाठी एखाद्या आत्याला दुष्ट करायची गरज नाही.

आणि एक गोष्ट, जी टाळून आज विदर्भातल्या लग्नावर काही लिहिता येणार नाही: शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुणांनी नवरदेवाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. देशभर त्याचे फोटो छापून आले, लोकांची करमणूक झाली. २०२४ मध्ये 'नवरदेव बीएससी अ‍ॅग्री' हा चित्रपट आला, शिकून शेतीकडे वळलेल्या मुलाच्या लग्नाचा. आमच्या जिल्ह्यात प्रत्येक गावात असे मुलगे आहेत. तिशी ओलांडलेले, कामसू, आईवडिलांना सांभाळणारे. मुलीही चुकत नाहीत. त्यांनी आईला निंदण-खुरपण करून कमरेने वाकताना पाहिलं आहे, भाव पडल्यावर बापाला रात्र-रात्र जागताना पाहिलं आहे. अशा मुलाच्या आणि अशा मुलीच्या मध्ये जे संभाषण होऊ शकतं ते मराठी मालिकेत अजून झालेलं नाही. तिने काही अटी घालाव्यात, त्याने काही मान्य कराव्यात, काहींवर अडावं. घना आणि राधेचा करार शहरी होता. इथे करार शेतीचा असेल: सातबाऱ्यावर तिचंही नाव, घरात नळ, वेचणीच्या दिवसांत दोघांची सारखी उठायची वेळ. मला खात्री आहे, महाराष्ट्र हा करार श्वास रोखून बघेल.

जाता जाता वर्ध्यातल्याच एका खऱ्या जोडीबद्दल सांगायला हवं. गोरा म्हणजे गोपराजू रामचंद्र राव, आंध्रचे नास्तिक कार्यकर्ते, १९४४ मध्ये सेवाग्रामला गांधीजींना भेटले आणि दोघांत मोठी चर्चा झाली. पुढे गोरांची मुलगी मनोरमा आणि दलित समाजातले अर्जुनराव यांचं लग्न ठरत होतं. त्या काळात गांधीजींचा आग्रह होता की ज्या लग्नात एक बाजू अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातली असेल अशाच लग्नाला आपण आशीर्वाद देऊ. त्यांना हे लग्न पसंत पडलं, पण त्यांनी दोन वर्षं थांबायला सांगितलं आणि मधल्या काळात अर्जुनराव सेवाग्रामच्या आश्रमात राहिले. म्हणजे इथेही लग्न ठरणं आणि लग्न होणं यांच्यामधला लांबलचक काळ आला. विधीत ईश्वराचं नाव कसं घ्यायचं हा प्रश्न निघाला, कारण वधूचं घर नास्तिक. गांधीजींनी ईश्वराच्या जागी सत्याला साक्षी ठेवायची तयारी दाखवली. मग जानेवारी १९४८ आला आणि आशीर्वाद देणारे हात राहिले नाहीत. तरी मार्च १९४८ मध्ये, आश्रमावर शोक पसरलेला असताना, ते लग्न सेवाग्रामलाच झालं.

सेवाग्रामला शाळेच्या सहली येतात, बापू कुटी पाहतात, चरखा पाहतात. ज्या जोडप्यासाठी लग्नाची शपथ बदलायला गांधीजी तयार झाले, त्या जोडप्याची गोष्ट मुलांना कोणी सांगत नाही. सांगायला हवी.

वर्ध्यात १९६९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. या जिल्ह्यात लिहिणारे आहेत, वाचणारे आहेत, नागपूर-अमरावतीला नाट्यस्पर्धा गाजवणारे तरुण आहेत आणि झाडीपट्टीत रोज रात्री प्रेक्षकाला बांधून ठेवणारे कलावंत आहेत. वाहिन्यांकडे माझं मागणं फार मोठं नाही. २६ भागांची आटोपशीर मालिका, साक्षगंधाला सुरुवात आणि लग्नाला शेवट. संवाद इथल्याच माणसाने लिहिलेले, पुण्यात लिहून नंतर 'काऊन' आणि 'बाप्पा' पेरलेले नकोत. नायक-नायिका दोघंही बोलीत बोलणारे, कारण एक जण शुद्ध आणि एक जण गावठी असं केलं की बोली पुन्हा विनोदापुरतीच उरणार. चित्रीकरण वेचणीच्या दिवसांत सुरू करावं, म्हणजे पांढरी शेतं खरी मिळतील, आणि वैशाखातल्या लग्नासाठी वैशाखातच परत यावं. कलावंतांना घाम येईल, तो पुसू नये.